त्रिनिदादची दुसरी फेरी : आधी महिना, मग ठिकाणं

त्रिनिदादला पहिल्यांदा गेलेला माणूस साधारण ठरलेल्या गोष्टी करून येतो. माराकसच्या किनाऱ्यावर बेक अँड शार्क (तळलेल्या पावात तळलेला शार्क मासा), पोर्ट ऑफ स्पेनच्या सवाना मैदानाला चक्कर, कॅरोनीच्या दलदलीत लाल पक्षी आणि दिवस उरले तर त्याच देशातल्या धाकट्या टोबॅगो बेटावर काचेच्या तळाची बोट. पहिल्या भेटीला एवढं पुरे. पुन्हा जायचं ठरलं की मात्र बरेच जण राहिलेल्या ठिकाणांची यादी काढतात आणि ऑफिसातून मिळेल त्या रजेत निघतात. इथंच घोटाळा होतो. या देशातल्या सगळ्यात भारी गोष्टी ठिकाणाला कमी आणि वेळेला जास्त बांधलेल्या आहेत. कासवं मार्च ते ऑगस्टमध्येच येतात, पॅनयार्ड, म्हणजे स्टीलपॅन वाद्याच्या तालमीची अंगणं, कार्निव्हलच्या आधीच जागतात आणि सिपारियाच्या चर्चमधल्या सिपारी माईच्या दारात गर्दी होते ती ईस्टरच्या आठवड्यात. म्हणून दुसऱ्या फेरीचं नियोजन कॅलेंडरपासून सुरू करायचं, नकाशा नंतर.

पहिली पायरी : महिना निवडा

साधारण जानेवारी ते मे हा कोरडा काळ आणि जून ते डिसेंबर पावसाचा. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास मध्येच थोडी उघडीप मिळते, तिला तिथे 'पती कारेम' म्हणतात. त्रिनिदाद वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला असल्याने इतर कॅरिबियन बेटांपेक्षा निर्धास्त आहे. टोबॅगोला मात्र १९६३ मध्ये फ्लोरा वादळाने चांगलंच झोडपलं होतं.

जानेवारी-फेब्रुवारी हा कार्निव्हलचा हंगाम. मुख्य सोहळा ॲश वेन्सडेच्या (ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो त्या बुधवारच्या) आधीच्या सोमवारी आणि मंगळवारी असतो, म्हणजे २०२७ मध्ये ८ आणि ९ फेब्रुवारीला. त्या आठवड्यात खोल्यांचे दर कितीतरी पटींनी वाढतात आणि हॉटेलवाले सलग चार-पाच रात्रींचं आरक्षण मागतात. पहिल्या फेरीत कार्निव्हल झाला असेल तर पुन्हा त्याच्या वाटेला जाऊ नका. त्याऐवजी दोन-तीन आठवडे आधी पोहोचा. स्टीलपॅन बँडच्या तालमी जोरात असतात, रस्ते मोकळे असतात आणि खिशालाही झेपतं.

मार्चमध्ये फगवा, म्हणजे आपली होळी. मार्च-एप्रिलमध्ये गुड फ्रायडे आणि ईस्टर. ३० मे हा इंडियन अरायव्हल डे, सार्वजनिक सुट्टी. १८४५ मध्ये याच दिवशी 'फतेल रझाक' हे जहाज गिरमिटियांना, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांना घेऊन पोर्ट ऑफ स्पेनच्या बंदरात आलं. १९१७ पर्यंत असे सुमारे दीड लाख लोक आले. बहुतेक भोजपुरी मुलखातले, कलकत्त्याहून निघालेले, काही मद्रासहून. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चगुआनासजवळ दिवाळी नगरचा मेळा भरतो. तो १९८६ पासून चालू आहे आणि दिवाळीच्या आधीच्या रात्रींमध्ये असतो. दिवाळीच्या रात्री शेजारच्या फेलिसिटी गावात घरोघरी, रस्त्याच्या कडेनं, बांबूच्या कमानींवर पणत्या लागतात. गाडी लांब लावून गावातून चालत फिरायचं.

मला एकच काळ निवडायला सांगितला तर मी एप्रिलचा मध्य ते मेअखेर सांगेन. कासवांचा भर, रस्ते कोरडे, आंबे आलेले, आणि शेवटचे दिवस नीट जुळवले तर अरायव्हल डेही पदरात पडतो. मुलांच्या शाळेमुळे दिवाळीचीच सुट्टी शक्य असेल तर कासवं विसरा आणि सगळा भर मध्य त्रिनिदादवर द्या.

दुसरी पायरी : मुक्काम तीन ठिकाणी करा

त्रिनिदाद सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचं आहे. नकाशावर ते एका दिवसात उरकेल असं वाटतं, पण उत्तरेच्या डोंगरातले रस्ते वळणावळणाचे आहेत आणि राजधानीला येणारे-जाणारे हायवे सकाळ-संध्याकाळ तुंबतात. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये राहून रोज ये-जा केली तर सुट्टीतला मोठा वेळ गाडीत जातो. नऊ-दहा दिवस असतील तर चार रात्री राजधानीत (वुडब्रुक किंवा सेंट क्लेअर भाग सोयीचा), दोन रात्री ईशान्येला ग्रांड रिव्हिएरला आणि तीन रात्री टोबॅगोत. दिवस कमी असतील तर टोबॅगो गाळा, ग्रांड रिव्हिएर ठेवा. उलटं करायचा मोह होईल, कारण टोबॅगोचं पाणी खरोखर सुंदर आहे. पण तसं पाणी कॅरिबियनमध्ये इतरत्रही मिळतं.

गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे भारतात गाडी चालवलेल्याला भाड्याची गाडी घेणं जड जात नाही. भारतीय परवाना असेल तर आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट सोबत ठेवा. भाड्याच्या टॅक्सीची नंबरप्लेट 'एच' अक्षराने सुरू होते, तीच पाहून बसा. मॅक्सी टॅक्सी ही तिथली शेअर व्हॅन. तिच्यावरच्या पट्ट्याच्या रंगावरून मार्ग कळतो: राजधानीच्या आसपास पिवळा, पूर्वेला लाल, सॅन फर्नांडोकडे हिरवा. दिवसा गंमत म्हणून एकदा जरूर बसा, पण सगळं नियोजन तिच्यावर टाकू नका. अंधार पडल्यावरच्या प्रवासासाठी हॉटेलने दिलेला किंवा आधी ठरवलेला ड्रायव्हर हवाच. देशात गुन्हेगारीचा प्रश्न खरा आहे आणि अधूनमधून आणीबाणीही लागू होते. निघायच्या आठवड्यात सरकारी प्रवास-सूचना वाचा. राजधानीत रात्री पायी भटकणं टाळा.

तिसरी पायरी : कागदपत्रं आणि एक लस

भारतातून थेट विमान नाही. अमेरिका, युरोप किंवा पनामामार्गे जावं लागतं, त्यामुळे त्रिनिदादच्या नियमांइतकाच वाटेतल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा महत्त्वाचा. अमेरिकेत कामाच्या व्हिसावर असलेल्यांनी पासपोर्टवरचा शिक्का परतीच्या तारखेपर्यंत वैध आहे ना, हे तिकीट काढण्याआधी पाहावं.

आता लस. भारत सरकारच्या पीतज्वराच्या यादीत त्रिनिदाद आहे, टोबॅगो नाही. त्रिनिदाद सोडल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं पिवळं कार्ड नसलं, तर विलगीकरणात जाण्याची पाळी येऊ शकते. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. साठी ओलांडलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं, कारण त्या वयात या लसीचे दुष्परिणाम जास्त संभवतात. आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर हे काम दोन महिने आधीच हातावेगळं करा.

बॅग भरताना आणखी एक. लष्करी छापाचे, म्हणजे कॅमोफ्लाजचे कपडे नागरिकांनी घालणं तिथे कायद्यानं मना आहे. मुलांच्या हाफपँट आणि टोप्याही तपासा.

चौथी पायरी : एक दिवस मध्य त्रिनिदादला, घड्याळ लावून

पहिल्या फेरीत बहुतेक जण हायवेवरून कॅरोनीला जातात, पक्षी पाहतात आणि परततात. या वेळी दिवस उलट्या बाजूने बांधा.

सकाळी गर्दीच्या आधी दक्षिणेकडे निघून वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ गाठा. त्यामागची कथा अशी. शिवदास साधू हे मळ्यावर राबणारे गृहस्थ. त्यांनी १९४७ मध्ये किनाऱ्यावर देऊळ बांधलं, पण जमीन साखर कंपनीची निघाली. १९५२ मध्ये देऊळ पाडलं गेलं आणि साधूंना तुरुंगात टाकलं. बाहेर आल्यावर त्यांनी ठरवलं की जमीन कोणाची तरी असते, समुद्र कोणाचाच नाही. मग सायकलवरून आणि बादल्यांमधून दगड-सिमेंट वाहून त्यांनी पाण्यात भराव घातला आणि एकट्यानं वर्षानुवर्षं खपून देऊळ उभं केलं. आजची देखणी वास्तू ही १९९० च्या दशकात झालेली पुनर्बांधणी. भरतीच्या वेळी गेलात तर देवळाच्या तिन्ही बाजूंना पाणी दिसतं. ओहोटीला चिखलाचं मैदान होतं आणि त्यावर पाणपक्षी उतरतात. मी ओहोटीच निवडेन, कारण साधूंनी कुठल्या चिखलातून वाट काढली ते तेव्हाच कळतं. शेजारीच स्मशानभूमी आहे. तिथे विधी चालू असेल तर कॅमेरा खाली ठेवा.

जवळच कारापिचाइमाला दत्तात्रेय योग केंद्र आहे आणि तिथे ८५ फुटी हनुमान उभा आहे. केंद्र म्हैसूरच्या अवधूत दत्तपीठाचं, त्यामुळे बांधणी दाक्षिणात्य धाटणीची. गाणगापूर-नरसोबाच्या वाडीची सवय असलेल्या मराठी माणसाला अटलांटिकच्या पलीकडे दत्ताचं देऊळ भेटतं तेव्हा बरं वाटतंच. अंगभर कपडे घाला, दर्शनाच्या वेळा पाहून जा. गिरमिटियांची भांडी, अवजारं आणि कागदपत्रं पाहायची असतील तर त्याच परिसरात इंडियन कॅरिबियन म्युझियम आहे. छोटं आहे, पण घाई करू नका.

जेवण चगुआनासला. वाटेत चेस व्हिलेजजवळ कुंभारांची दुकानं लागतात. पणत्या तिथूनच बेटभर जातात.

साडेतीनपर्यंत उत्तरेला वळून कॅरोनीच्या धक्क्यावर पोहोचा. बोटी चारच्या सुमाराला सुटतात आणि अंधार पडता पडता परततात. संध्याकाळी सगळं शहर दक्षिणेकडे घरी निघालेलं असतं आणि तुम्ही उत्तरेला जात असता, म्हणजे ट्रॅफिकचीही कटकट कमी. या वेळी दुर्बीण विसरू नका, कारण पक्ष्यांना त्रास होऊ नये म्हणून ते रात्रीला उतरतात त्या खारफुटीच्या बेटापासून बोट लांब थांबते. स्कार्लेट आयबिस हा त्रिनिदादचा राष्ट्रीय पक्षी. पिल्लं राखाडी-तपकिरी असतात. खेकडे-कोळंबी खाऊन खाऊन त्यांना तो भडक रंग चढतो. खारफुटीतून जाताना वर फांद्यांकडेही लक्ष ठेवा, वेटोळं घातलेला साप किंवा मुठीएवढा रेशमी मुंगीखाऊ दिसू शकतो. डास मात्र नक्कीच.

पाचवी पायरी : कासवांसाठी ईशान्य

दुसऱ्या फेरीचं खरं कारण हे आहे. ग्रांड रिव्हिएर हे डोंगर आणि समुद्राच्या बेचक्यातलं छोटं गाव, आणि तिथला किनारा म्हणजे लेदरबॅक कासवांच्या जगातल्या सर्वात दाट विणीच्या जागांपैकी एक. आपल्याकडे वेळासला ज्यांनी ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना पाहिली आहेत, त्यांनी इथे येताना मनातलं माप बदलावं. रिडलेची मादी चाळीस-पन्नास किलोंची. ही तीनशे ते पाचशे किलोंची. पाठीवर कठीण कवच नाही, चामड्यासारखी कातडी आणि तिच्यावर लांबलचक उभ्या कडा. ती अंधारातून वर येते तेव्हा तिचा श्वास आधी ऐकू येतो.

१ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात ग्रांड रिव्हिएर, मॅटुरा आणि फिशिंग पॉन्ड या किनाऱ्यांवर रात्री जायला वनखात्याचा परवाना लागतो आणि स्थानिक मार्गदर्शकासोबतच जायचं असतं. मुक्कामाच्या जागेवाल्याला आधी सांगितलं की तो दोन्हीची व्यवस्था लावून देतो. मॅटुरा राजधानीपासून जवळ आहे, तिथे एका रात्रीत जाऊन येता येतं. 'नेचर सीकर्स' ही तिथली गावकऱ्यांची संस्था १९९० पासून किनारा राखते आहे. त्याआधी इथे कासवं सर्रास मारली जात. तरीही मी ग्रांड रिव्हिएरचाच आग्रह धरेन, कारण तिथे खोलीतून उठून दोन मिनिटांत वाळूवर पोहोचता आणि एक रात्र वाया गेली तर दुसरी हाताशी असते.

रात्रीचा क्रम असा. सातच्या पुढे मार्गदर्शकाच्या निरोपाची वाट पाहायची. मोबाइल बंद, फ्लॅश बंद, पांढरी बॅटरी घरी. लाल दिवा फक्त मार्गदर्शकाकडे. मादी मागच्या वल्ह्यांनी खड्डा खणत असते तोवर लांबच थांबायचं. अंडी घालायला लागली की ती आसपासचं भान हरपते, तेव्हाच जवळ नेतात. ऐंशीएक अंडी, त्यावर वाळू, मग जागा लपवण्यासाठी बराच वेळ गोलगोल फिरणं. सगळं मिळून तास-दीड तास. लहान मुलांना आधी झोपवून उठवलेलं बरं.

अंड्यांतून पिल्लं बाहेर यायला साधारण दोन महिने लागतात. जून ते ऑगस्टमध्ये गेलात तर मादी रात्री आणि पिल्लं पहाटे, दोन्ही दिसण्याची शक्यता असते. पिल्लं हातात घेऊन फोटो काढायला कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

पहाटे उठणारच असाल तर साडेपाचला गावाच्या वरच्या डोंगरात पावी शोधायला जा. टर्कीसारखा काळा, निळ्या गळ्याचा हा पक्षी जगात फक्त त्रिनिदादमध्ये आहे आणि नामशेष होण्याच्या काठावर आहे. तो दिसण्याची सर्वात भरवशाची जागा हीच.

रस्ता व्हॅलेन्सियावरून टोकोमार्गे जातो. राजधानीतून अडीच-तीन तास धरा आणि उजेडात पोहोचा. टोकोला गालेरा पॉइंटच्या दीपगृहापाशी पाय मोकळे करा. गाडीची टाकी आधीच भरून घ्या, रोख पैसेही काढून ठेवा. जाताना किंवा येताना अरिमा खोऱ्यातल्या आसा राइट नेचर सेंटरला थांबायचं असेल तर भेट आधी ठरवा. तिथल्या व्हरांड्यात बसल्या जागी हमिंगबर्ड दिसतात, आणि गुहेत ऑइलबर्ड हा फळं खाणारा निशाचर पक्षी राहतो, जो वटवाघळासारखा आवाजाच्या प्रतिध्वनीवर अंधारात उडतो.

सहावी पायरी : दक्षिणेचा एक दिवस

ला ब्रियाचं पिच लेक म्हणजे डांबराचं तळं. सुमारे १०० एकर, जगातला सर्वात मोठा नैसर्गिक डांबराचा साठा. वॉल्टर रॅलेने १५९५ मध्ये इथल्याच डांबराने जहाजाच्या फटी बुजवल्या होत्या. पाहिल्याबरोबर निराशा होते. मोठा पार्किंग लॉट वाटतो. मार्गदर्शकासोबत वर चालायला लागलं की पायाखालचा पृष्ठभाग हळूहळू दबताना जाणवतो आणि मत बदलतं. मार्गदर्शक अधिकृत केंद्रातूनच घ्या, कारण काही ठिकाणी पाय रुततो. ऊन चढायच्या आत, सपाट तळव्यांच्या जुन्या बुटांनी जा. पावसाळ्यात खळग्यांत गंधकयुक्त पाणी साठतं आणि लोक त्यात डुंबतात, तेव्हा पोहण्याचे कपडे न्या.

तिथून सिपारिया. इथल्या कॅथलिक चर्चमधली सावळी दिविना पास्तोरा हिंदूंसाठी सिपारी माई आहे. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळपासून हिंदू कुटुंबं तांदूळ, तेल, फुलं घेऊन येतात आणि लेकरांचं जावळ तिच्यासमोर काढतात. वेलंकनी किंवा वांद्र्याची माउंट मेरी पाहिलेल्यांना यात फारसं नवल वाटणार नाही. एरवीच्या दिवशी चर्च शांत असतं.

परतताना डेबे. रस्त्याच्या कडेला ओळीनं टपऱ्या: डबल्स (दोन मऊ तळलेल्या पुऱ्यांमध्ये चण्याची उसळ), फुलौरी, आलू पाय आणि सहीना. सहीना म्हणजे आळूवडीची सख्खी बहीण, डाळीच्या पिठाऐवजी वाटाण्याच्या डाळीचं पीठ एवढाच काय तो फरक. तिखट विचारलं तर 'स्लाइट' म्हणा. महाराष्ट्रीय जिभेच्या भरवशावर 'प्लेंटी' म्हणू नका; मोरुगा स्कॉर्पिअन ही मिरची याच भागातली.

शाकाहारी माणसाची त्रिनिदादमध्ये उपासमार होत नाही. सकाळी सादा रोटी आणि वांग्याचा किंवा टोमॅटोचा चोखा, दुपारी डालपुरी किंवा बस-अप-शट हा फाडलेला परोठा, सोबत चना, बटाटा, भोपळा, चवळीच्या शेंगा. माराकसला पुन्हा गेलातच तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा आणि शार्कऐवजी किंगफिश मागा. शार्कची संख्या घटते आहे, आणि चव बरीचशी सोबतच्या चटण्यांचीच असते.

सातवी पायरी : राजधानीतली एक संध्याकाळ

क्रिकेटवेड्यांनी ट्रॅगारेट रोडवरच्या क्वीन्स पार्क ओव्हलला डोकं टेकवावं. मार्च १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने इथेच वेस्ट इंडिजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं. मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ११२ केल्या आणि पदार्पण करणाऱ्या सुनील गावसकरांनी ६५ आणि नाबाद ६७. एप्रिलमध्ये गावसकर याच मैदानावर परत आले आणि एका कसोटीत १२४ व २२० करून गेले. सामना नसेल तर फाटकावर विनंती करून पाहा.

रस्त्याच्या पलीकडेच इन्व्हेडर्स या स्टीलपॅन बँडचं पॅनयार्ड. तेलाच्या पिंपांतून घडवलेलं स्टीलपॅन हे वाद्य इथलंच, आणि पॅनयार्ड म्हणजे तालमीचं अंगण. कार्निव्हलच्या आधीच्या आठवड्यांत रात्री आठनंतर शंभराच्या आसपास वादक एकाच सुरावटीचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा घोटत असतात. एका कोपऱ्यात उभं राहून ऐकायचं, मध्ये पचकायचं नाही. इतर महिन्यांत कोणता बँड वाजवतो आहे ते हॉटेलात विचारा.

आठवी पायरी : टोबॅगो, पण जंगलापासून

पोर्ट ऑफ स्पेनच्या पियार्को विमानतळावरून टोबॅगोला विमानाला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. फेरीबोट स्वस्त, पण तीन-चार तास आणि समुद्र लागतो. ईस्टरच्या सुट्टीत दोन्हींची तिकिटं लवकर संपतात, कारण ईस्टरनंतरच्या मंगळवारी बुकूला बोकडांच्या शर्यती असतात. जॉकी दोरी धरून बोकडामागे पळतो. प्रकार पोरकट, पण सगळं बेट तिथे लोटतं.

बुकू रीफ हा प्रवाळाचा पट्टा आणि नायलॉन पूल हा समुद्रातला उथळ डोह पहिल्या वेळी झाला असेल तर या वेळी मुक्काम कास्तारा किंवा स्पेसाइडच्या बाजूला करा. मधल्या डोंगररांगेवरचं मेन रिज जंगल १३ एप्रिल १७७६ रोजी कायद्याने राखीव झालं. झाडं गेली तर पाऊस जाईल आणि उसाचे मळे सुकतील, हा तेव्हाचा हिशेब. गिल्पिन ट्रेसची पायवाट गाईडसोबत दोन-तीन तासांची आहे. चिखलासाठी रबरी बूट तिथेच भाड्याने मिळतात. स्पेसाइडहून बोटीने लिटल टोबॅगोला समुद्रपक्षी पाहायला जाता येतं.

निघताना

परतीच्या दिवशी पियार्कोकडे जाताना क्युरेपला डबल्स खा आणि वेळ हाताशी ठेवून निघा, कारण पूर्वेचा हायवे कधी तुंबेल सांगता येत नाही. मिरचीचा सॉस आणि अँगोस्तुरा बिटर्सची (कॉकटेलमध्ये थेंबभर घालायच्या कडू अर्काची) बाटली चेक-इन बॅगेत, दोन-दोन प्लॅस्टिक पिशव्यांत. उरलेले त्रिनिदादचे डॉलर विमानतळावरच बदला, बाहेर त्यांना कोणी विचारत नाही. पिवळं कार्ड पासपोर्टसोबत हातातल्या बॅगेत.